लेझर करण्याआधी कामाचे अंतर मोजा

दिवाळीला सुरतेत वराछा, कतारगाम आणि महिधरपुऱ्यातले हिऱ्यांचे कारखाने बंद होतात, हिरे घासायच्या घंट्या थांबतात आणि शहराला एकदम मोकळा वेळ मिळतो. वर्षभर पुढे ढकललेली कामे याच सुट्टीत उरकायची असतात आणि त्यांत हल्ली 'डोळ्यांचे लेझर करून टाकू' हेही एक असते. लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम या भागांतल्या खानदेशी घरांतही हा विषय निघतो. मुलीचे लग्न ठरवायचे आहे, मुलाला भरतीची तयारी करायची आहे, घरच्या कर्त्याला मार्केटमध्ये चष्म्याचा कंटाळा आला आहे, अशी कारणे निघतात. मग पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : लेझर सुरक्षित आहे का? या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तपासणी नीट झाली असेल आणि डोळा योग्य असेल, तर बहुतेकांच्या बाबतीत आहे. अवघड प्रश्न त्याच्याही आधीचा आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. तुमचे रोजचे काम डोळ्यांपासून किती अंतरावर चालते, आणि तुमचे वय काय? माझे म्हणणे असे की लेझर करायचे की नाही, हे चष्म्याच्या नंबरपेक्षा या दोन गोष्टींनी ठरावे. आणि सुरतेसारख्या, जवळचे बारीक काम करून जगणाऱ्या शहरात तर आधी यांनीच ठरावे.

त्यासाठी लेझर नेमके काय करते ते समजून घ्यायला हवे. बुबुळावर एक पारदर्शक काच असते, तिला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. एक्सायमर लेझरच्या अतिनील किरणांनी या काचेचा अगदी पातळ थर, आसपासचा भाग न भाजता, अचूक उडवता येतो. हे तंत्र ज्या शोधातून निघाले त्यात मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे शास्त्रज्ञ होते. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८१ साली त्यांनी जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम यांच्यासोबत हे किरण प्राण्यांच्या ऊतींवर वापरून पाहिले, तेव्हा कडा न करपता स्वच्छ छेद मिळाला. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते उचलले, आणि १९९० च्या दशकात लॅसिक नावाची लेझर शस्त्रक्रिया जगभर पोचली. मायनस नंबरच्या डोळ्यात प्रकाश मागच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, अलीकडेच एकत्र येतो. लेझरने कॉर्नियाचा मधला भाग थोडा सपाट केला की तो पडद्यावर येतो आणि लांबचे स्वच्छ दिसू लागते. म्हणजे लेझर डोळ्याची स्पष्ट दिसण्याची जागा जवळून उचलून लांब नेऊन ठेवते. डोळ्याच्या आतले भिंग, जे जवळचे पाहताना फुगते आणि वयानुसार ताठर होत जाते, त्याला ते हातही लावत नाही.

आता एक साधा हिशेब करू. शंभरला नंबरने भागले की सेंटिमीटरमध्ये ते अंतर मिळते, जिथे चष्मा काढल्यावर डोळ्याला काही कष्ट न घेता स्वच्छ दिसते. मायनस दोन असेल तर पन्नास सेंटिमीटर, मायनस तीनला तेहतीस, मायनस चारला पंचवीस. तेहतीस सेंटिमीटर म्हणजे साधारण दीड वीत. पुस्तक, हिशेबाची वही, मोबाईल, शिलाई मशीनची सुई, साडीची बॉर्डर, घंटीवरचा हिरा हे सगळे या दीड वितीच्या आसपासच असते. पंचविशीतल्या माणसाला या हिशेबाची गरज नसते, कारण त्याच्या डोळ्यातले भिंग लवचीक असते आणि ते लांबून जवळ सहज फिरते. चाळिशी जवळ आली की ही लवचीकता कमी होते. नंबर नसलेल्या माणसाला तेव्हा वाचायचा चष्मा लागतो. मायनस अडीच-तीनवाला मात्र चष्मा कपाळावर सरकवतो आणि सुईत दोरा ओवतो. वीस वर्षे ज्या नंबरला तो वैतागला, तोच आता त्याच्या कामाचा चष्मा झालेला असतो, तोही डोळ्यात बसवलेला आणि फुकट. अडतिसाव्या वर्षी लेझर करून तो काढून टाकला, तर दोन-चार वर्षांत वाचायचा चष्मा नाकावर येतो. आधी चष्मा लागायचा तो गाडी चालवताना आणि लांबचा बोर्ड वाचताना. आता लागेल तो दिवसातले आठ-दहा तास, ज्या कामातून घर चालते त्या कामात.

या शहरातली कामे जरा डोळ्यांसमोर आणा. रत्नकलाकार हिरा घासतो, पैलू तपासायला पुन्हा पुन्हा डोळ्यांजवळ आणतो. असॉर्टिंगवाला दहा पटींच्या आयग्लासमधून दोष शोधतो. मार्केटमध्ये बसणारा कापडाची वीण आणि प्रिंट हातात घेऊन पाहतो. लिंबायत-डिंडोलीत कितीतरी बायका घरबसल्या साड्यांवर टिकी-स्टोन लावतात, लेस जोडतात. जरीकाम, एम्ब्रॉयडरी मशीनवर तुटलेला धागा जोडणे, टेलरिंग, हिशेब, मोबाईल दुरुस्ती ही सगळी हाताच्या अंतरातली कामे आहेत. मुंबईच्या किंवा अमेरिकेच्या जाहिरातीत लेझर झालेला माणूस डोंगर चढताना, पोहताना, समुद्र पाहताना दाखवतात. त्याचा फायदा लांबचे दिसण्यात आहे, हे त्या चित्रातच लिहिलेले असते. तुमचा दिवस त्या चित्रासारखा जातो का, हे तुम्हीच पाहायचे. घरातली मेजर टेप घ्या आणि नेहमीच्या बसण्याच्या जागेवर डोळ्यापासून कामापर्यंत कुणाला तरी मोजायला सांगा. मग कोणत्या अंतरावर रोज किती तास जातात, ते आठवडाभर कागदावर मांडा. डॉक्टरांकडे जाताना तो कागद सोबत न्या. तुम्ही काय काम करता, एवढे तपासणीत विचारतातही. पण 'हिऱ्यात आहे' किंवा 'कापडात आहे' या उत्तरातून अंतर कळत नाही. कापडात असलेला माणूस रोज भिवंडीची खेप करणारा असू शकतो, तसाच दिवसभर सुईवर वाकलेलाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : चाळिशी कोणाला चुकली आहे? वाचायचा चष्मा सगळ्यांनाच लागणार, मग निदान लांबचा तरी जाऊ दे. हा आक्षेप खोटा नाही, पण तो सगळ्यांना सारखा लागू नाही. मायनस सहावाल्याला चष्म्याविना फक्त सोळा-सतरा सेंटिमीटरवर स्पष्ट दिसते. इतक्या जवळ धरून कोणी तासन्तास काम करत नाही. त्याचा नंबर त्याला म्हातारपणीही फारसा उपयोगाचा नाही, म्हणून लेझरमध्ये तो गमावतो कमी आणि कमावतो जास्त. मोठा सिलिंडर नंबर असलेल्याचेही तसेच, कारण त्याला कोणत्याच अंतरावर चष्म्याविना धड दिसत नाही. खरे नुकसान आहे ते साधारण मायनस दीड ते मायनस साडेतीन या पट्ट्यातल्या, पस्तिशी ओलांडलेल्या आणि जवळचे काम करणाऱ्या माणसाचे. शिवाय एक बारीक गोष्ट फार कमी ठिकाणी सांगितली जाते. मायनसचा चष्मा डोळ्यापासून थोड्या अंतरावर असतो, त्यामुळे त्यातून जवळचे पाहताना डोळ्याला थोडे कमी कष्ट पडतात. मायनस सहाचा चष्मा लावून तेहतीस सेंटिमीटरवर पाहणाऱ्या डोळ्याला तीनऐवजी सुमारे अडीच डायॉप्टरचाच (डायॉप्टर म्हणजे नंबर मोजायचे एकक) जोर लावावा लागतो. चष्मा जाऊन तीच दुरुस्ती कॉर्नियावर आली की ही सवलत संपते. म्हणून लेझरनंतर चाळिशी जरा लवकर लागल्यासारखी वाटते, आणि तसे वाटणे हा भ्रम नसतो.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडूनच येतो, आणि तो विचार करण्यासारखा आहे. एका डोळ्याला लांबचे आणि दुसऱ्याला थोडे जवळचे दिसेल असे लेझर करता येते, याला मोनोव्हिजन म्हणतात. ऑफिसात काम करणाऱ्या, मोबाईल आणि मेनूकार्ड वाचायचे असलेल्या माणसाला ते छान चालू शकते. पण दोन डोळे दोन वेगवेगळ्या अंतरांवर लावले की खोलीचा अंदाज थोडा कमी होतो, आणि सुई, पैलू, सोल्डरिंग यांत नेमका तोच अंदाज लागतो. सुदैवाने हे आधी पाहून घेता येते. अडतिशीपुढच्या कोणीही लेझरची तारीख घेण्यापूर्वी, डोळ्यांना चालत असतील तर पूर्ण नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्स दोन आठवडे लावून आपले नेहमीचे काम करावे. लेझरनंतर जवळचे कसे दिसेल, हे तिथेच कळते. मग मोनोव्हिजनच्या हिशेबाने बदललेल्या लेन्स लावून पुन्हा दोन आठवडे. या चाचणीला एका चांगल्या चष्म्याहून जास्त खर्च येत नाही आणि ती पूर्ववत करता येते. लेझर पूर्ववत होत नाही. ज्या ठिकाणी अशी चाचणी सुचवली की 'कशाला वेळ घालवता' असे उत्तर मिळते, तिथून उठून यावे.

विशीतल्यांना वाटेल की हे सगळे वडीलमंडळींचे झाले. त्यांच्यासाठी अंतराचा प्रश्न वेगळ्या दाराने येतो. दिवसभर जवळ पाहणाऱ्या तरुण डोळ्याचा आतला स्नायू आकसलेलाच राहतो आणि नंबर तपासताना खऱ्याहून जास्त मायनस दाखवतो. अशा फुगलेल्या नंबरवर लेझर केले, तर डोळा उलट प्लसकडे जातो आणि मग जवळच्या कामात डोके दुखते. म्हणून डोळ्यात थेंब घालून, स्नायू सैल करून नंबर काढलाच पाहिजे. मशीनवर हनुवटी टेकवून दोन मिनिटांत निघालेली चिठ्ठी त्यासाठी पुरत नाही. दुसरे म्हणजे नंबर स्थिर हवा. वय अठरा पूर्ण आणि गेल्या वर्षभरात अर्ध्या डायॉप्टरपेक्षा जास्त फरक नाही, ही किमान अट सगळीकडे सांगितली जाते. पण अठराव्या वर्षी नंबर थांबतोच असे नाही. ब्रिटनमध्ये मॅकब्रायन आणि अॅडम्स यांनी १९९७ साली सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन वर्षांच्या काळात अनेकांचा नंबर वाढलेला आढळला, आधी नंबर नसलेल्यांनाही तो लागलेला दिसला. आयग्लासवर बसणाऱ्यांचे काम त्याच जातीचे आहे. कामाला लागून वर्ष-दोन वर्षेच झाली असतील, तर घाई करू नये. निदान दोन वर्षांच्या जुन्या चष्म्याच्या चिठ्ठ्या समोर ठेवाव्यात. जुनी चिठ्ठी नसेल तर आज तपासून घ्यावे, वर्षभराने पुन्हा, आणि मग ठरवावे. आयग्लासबद्दल एक गोष्ट मात्र लेझरच्या बाजूने सांगायला हवी. चष्मा मध्ये आला की भिंग डोळ्याला नीट टेकत नाही आणि काढ-घाल करून जीव मेटाकुटीला येतो, ही तक्रार खरी आहे. पण ज्यांना फक्त साधा मायनस आहे, त्यांनी चष्मा काढून भिंग एक-दोन मिलिमीटर जवळ घेतले की काम होते. त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही.

'लाखो लोकांनी केले, सगळे खूश आहेत' हा तिसरा आक्षेप. त्याला आकड्यांनीच उत्तर दिलेले बरे. अमेरिकेच्या एफडीएने तिथल्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेसोबत आणि संरक्षण खात्यासोबत प्राऊल नावाचे दोन अभ्यास केले. २०१७ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात नौदलाच्या रुग्णालयातले आणि बाहेरचे मिळून पावणेसहाशेच्या आसपास रुग्ण होते. दृष्टीबद्दल समाधानी असणारे ९५ टक्क्यांहून जास्त निघाले. पण ज्यांना आधी दिव्यांभोवती वलये, चमक, दुहेरी प्रतिमा असा काहीच त्रास नव्हता, त्यांच्यातल्या ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी यांपैकी काहीतरी नव्याने जाणवते असे सांगितले. आधी कोरडेपणाची तक्रार नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी ती होती. या त्रासामुळे नेहमीची कामे करणे फार अवघड गेले असे सांगणारे एक टक्क्याहूनही कमी होते. हे सगळे आकडे एकत्र वाचायचे असतात. समाधानी असणे आणि तक्रार नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेकांनी हा सौदा आनंदाने स्वीकारला, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला रात्री महामार्गावर ट्रक चालवायचा आहे, किंवा ज्याला दोन हिऱ्यांच्या रंगातला पुसट फरक ओळखून भाव ठरवायचा आहे, त्याला दिव्यांची वलये आणि किंचित उतरलेला कॉन्ट्रास्ट इतरांइतका स्वस्त पडणार नाही. म्हणून दुसऱ्याचे समाधान विचारताना त्याचे काम काय, हेही विचारा.

कोरडेपणाचे जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण तो सुरतेत आधीपासूनच असतो. एकाग्र होऊन जवळ पाहताना पापण्या कमी लवतात. वर एसीचा झोत, मार्केटमध्ये कापडाचे तंतू, पांडेसरा-सचिन भागात मिलची हवा, आणि घरी गेल्यावर मोबाईल. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा गोल कापून उचलतात आणि लेझर झाल्यावर पुन्हा बसवतात. या कापात कॉर्नियाच्या संवेदना नेणाऱ्या नसा तुटतात, त्यामुळे डोळ्याला आपण कोरडे पडलो आहोत हे नीट कळत नाही आणि अश्रू कमी येतात. नसा हळूहळू पुन्हा वाढतात, पण त्याला सहा महिने ते वर्ष लागते. स्माइल या नव्या पद्धतीत पापुद्रा उचलत नाहीत, दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून आतला पातळ थर काढून घेतात. त्यामुळे सुरुवातीचा कोरडेपणा कमी असतो, मात्र सगळ्या नंबरांना ती चालत नाही. पीआरके या तिसऱ्या पद्धतीत काप नसतोच, वरची त्वचा खरवडून थेट लेझर करतात. पण पहिले तीन-चार दिवस चांगलेच दुखते आणि दृष्टी स्थिरावायला आठवडे लागतात. कोणती पद्धत नवी किंवा महाग, यावरून निवड करू नका. तुमचे अश्रू आज किती टिकतात, याची चाचणी आधी करून घ्या आणि त्या आकड्याचा अर्थ विचारा. आजच संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होत असेल, तर आधी त्याचे उपचार, मग पुढचे.

कॉर्नियाची तपासणी ही यातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी समजावून सांगितली जाणारी बाजू आहे. कॉर्नियाची जाडी साधारण ५०० ते ५५० मायक्रॉन असते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. लॅसिकचा पापुद्रा सुमारे ११० मायक्रॉन, आणि दर एक नंबरमागे लेझर साधारण १४ मायक्रॉन उडवते. समजा जाडी ५०० आणि नंबर मायनस सहा. ११० अधिक ८४, म्हणजे १९४ मायक्रॉनला हात लागला. खाली ३०६ उरले. तळाशी २५० तरी उरावेत हा जुना नियम, आणि एकूण जाडीच्या ४० टक्क्यांहून जास्त भागाला हात लागू नये हा अलीकडचा. इथे पहिला नियम सहज पाळला जातो, दुसरा जेमतेम. नंबर मायनस आठ असता तर दुसरा मोडला असता. तुमच्या रिपोर्टवरचे आकडे घेऊन हा हिशेब डॉक्टरांसमोर मांडा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. पण जाडीहून मोठा मुद्दा आकाराचा आहे. काही डोळ्यांत कॉर्निया हळूहळू शंकूसारखा पुढे येतो, त्याला केराटोकोनस म्हणतात, आणि सुरुवातीला तो साध्या तपासणीत कळत नाही. अशा डोळ्यावर लेझर केले तर उरलासुरला आधारही जातो. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडीत तिशीपुढच्या लोकांत, कॉर्नियाची वक्रता ४८ डायॉप्टर किंवा अधिक हा निकष लावला, तेव्हा हे प्रमाण २.३ टक्के आढळले. निकष बदलला तर आकडा बदलेल. तरी आपल्याकडे ही गोष्ट दुर्मीळ समजून चालणार नाही एवढे त्यातून नक्की कळते. लहानपणापासून ॲलर्जीने डोळे चोळायची सवय असेल, घरात कोणाला हा आजार असेल, सिलिंडर नंबर दरवर्षी बदलत असेल, तर ते आपणहून सांगा. कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढणारी तपासणी, म्हणजे टोपोग्राफी, कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही बाजूंची हवी, आणि लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स एक-दोन आठवडे व कडक लेन्स तीन-चार आठवडे बंद ठेवूनच ती करायला हवी. सकाळी लेन्स काढून दुपारी काढलेला नकाशा विश्वासाचा नसतो.

लेझरने नंबर जातो, मायनसचा डोळा जात नाही. तो आतून लांबटच राहतो, पडदा ताणलेलाच राहतो, आणि त्याला भोक पडण्याचा किंवा तो सुटण्याचा धोका तेवढाच असतो. बाहुली मोठी करून पडदा तपासणे म्हणून शस्त्रक्रियेआधी आवश्यक आहे, आणि नंतरही वर्षातून एकदा, चष्मा नसला तरी. फार मोठा नंबर आणि पातळ कॉर्निया असलेल्यांना डोळ्याच्या आत बसवायची लेन्स हा वेगळा पर्याय आहे. त्याचे हिशेब वेगळे, इथे त्यात शिरत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी थांबावे, कारण त्या काळात नंबर हलतो. अनियंत्रित मधुमेह, संधिवातासारखे आजार, डोळ्यात पूर्वी झालेली नागीण, मुरुमांसाठी चालू असलेल्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या, यांतले काहीही असेल तर लपवू नका.

लग्नासाठी म्हणून होणाऱ्या लेझरबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे की निर्णय जिच्या डोळ्यांचा आहे तिचा असावा, आणि तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी तिच्याशी एकटीशी बोलावे. चष्मा नको म्हणणाऱ्या स्थळासाठी बाविसाव्या वर्षी, अजून हलत असलेल्या नंबरवर लेझर करणे हे वैद्यकीय कारण नाही. नोकरीचे मात्र नियम आहेत आणि ते आधी वाचले पाहिजेत. रेल्वेत सहायक लोको पायलटसाठी लेझर केलेला उमेदवार अपात्र ठरतो. म्हणजे चष्मा घालवून या भरतीला जायचा बेत मुळातच चुकलेला असतो. हवाई दलात काही शाखांना ते चालते, पण वय वीसच्या पुढे, शस्त्रक्रियेला बारा महिने झालेले, डोळ्याची लांबी आणि उरलेली जाडी ठरावीक मर्यादेत, अशा अटी आहेत. ज्या भरतीची तयारी चालू आहे तिची ताजी जाहिरात आणि वैद्यकीय निकष समोर ठेवा, क्लासवाल्याच्या तोंडी शब्दावर डोळा देऊ नका. विम्याचेही तसेच : आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांनुसार साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबरच्या दुरुस्तीचा खर्च मिळत नाही, त्यामुळे बहुतेकांना पैसे खिशातूनच घालावे लागतात.

नेत्रदानाचा संकल्प केलेल्यांना एक शंका येते, आणि लोकदृष्टी चक्षुबँकेच्या या शहरात ती येणे साहजिक आहे. लेझर झालेल्या डोळ्यांचेही दान करता येते. तो कॉर्निया पूर्ण जाडीच्या रोपणाला वापरत नाहीत, पण त्याचा आतला थर दुसऱ्याला बसवता येऊ शकतो.

इतके वाचून कोणी म्हणेल की लेखक लेझरच्या विरोधात आहे. तसे नाही. लेन्स घालून झोपणाऱ्या, नळाच्या पाण्याने लेन्स धुणाऱ्या माणसाला कॉर्नियाच्या जंतुसंसर्गाचा जो धोका असतो, त्याच्या तुलनेत नीट निवडलेल्या डोळ्याचे लेझर हा चांगलाच पर्याय आहे. पंचविशी ते तिशीतला, दोन वर्षे स्थिर नंबर असलेला, मायनस चार-पाचचा, निरोगी कॉर्नियाचा, ओल्या डोळ्यांचा, दिवसाचा मोठा भाग लांब पाहण्यात घालवणारा माणूस, म्हणजे दिवसा गाडी चालवणारा ड्रायव्हर, सेल्समन, साइटवरचा इंजिनिअर, खेळाडू, याने ते जरूर करावे. पुढची बारा-पंधरा वर्षे चष्म्याविना जातील आणि चाळिशी आली तरी ती सगळ्यांसारखीच येईल. याच वयातल्या, जवळचे काम करणाऱ्यानेही करायला हरकत नाही, फक्त थेंब घालून काढलेल्या नंबरवर. चाळिशीकडे झुकलेल्या, मायनस दीड ते साडेतीनच्या आणि सुई, पैलू किंवा वहीवर पोट असलेल्या माणसाला मात्र मी करू नका असेच सांगेन. त्याने चांगला प्रोग्रेसिव्ह चष्मा घ्यावा आणि कामाच्या वेळी तो काढून ठेवावा.

करायचे ठरलेच, तर दोन मते घ्या, आणि त्यांतले एक अशा डॉक्टरचे घ्या ज्याच्याकडे लेझरचे यंत्र नाही. नवी सिव्हिल हॉस्पिटल आणि स्मीमेर या दोन्ही सार्वजनिक रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. पडदा, दाब, थेंब घालून नंबर या तपासण्यांसाठी तिथे जाता येते. वेळही विचार करून ठरवा. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असते, २०२३ च्या जुलैत ती गुजरात-महाराष्ट्रात किती पसरली ते आठवत असेल. गणपतीतला गुलाल, धुळवडीचा रंग, उत्तरायणात गच्चीवरचे ऊन आणि धूळ, यांच्या तोंडावर ताजा डोळा नेऊ नये. दिवाळीची सुट्टी त्या मानाने बरी, पण सुट्टी संपली म्हणजे डोळा बरा झाला असे समजू नका. मोबाईल आणि रस्ता आठवड्याभरात नीट दिसू लागेल. बारीक कामाला लागणारी स्थिर दृष्टी यायला दोन-तीन महिनेही जातात, हे मालकाला आधीच सांगून ठेवा.

आणि शस्त्रक्रियेआधीची फाइल जन्मभर जपून ठेवा. त्यात आधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता, जाडी आणि किती मायक्रॉन उडवले याची नोंद हवी. डिस्चार्जच्या वेळी ती लेखी मागून घ्या. साठीत मोतीबिंदूची लेन्स ठरवताना बदललेल्या कॉर्नियामुळे नेहमीचा हिशेब चुकू शकतो, आणि काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजला तर पातळ झालेल्या कॉर्नियावर तो खऱ्याहून कमी दिसतो. त्या दिवशी समोर बसलेल्या डॉक्टरला, तुमचे लेझर झाले आहे, हे तुम्हालाच सांगावे लागेल.